कोशिका-ग्राही व चयापचय : संशोधनाचा इतिहास

कोशिका-ग्राही : शरीराच्या एका भागात निर्माण झालेला रासायनिक संदेश दुसऱ्या भागातील कोशिकेला (पेशीला) ज्या प्रथिनरेणूमुळे कळतो, त्या रेणूला ग्राही असे म्हणतात. ‘रिसेप्टर’ या इंग्रजी संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. हॉर्मोने, तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी स्रवणारी द्रव्ये आणि पुष्कळशी औषधे यांचा परिणाम प्रथम ग्राहीवर होतो व नंतर कोशिकेच्या अंतर्भागातील घडामोडींत बदल घडून येतो. ॲड्रेनॅलीन रक्तात मिसळताच यकृतातील साठविलेल्या ग्लायकोजेनापासून साखर तयार होऊ लागते. इन्शुलीन स्रवले की रक्तातील साखर स्नायू व वसा-कोशिकांत शिरते. हे दोन्ही परिणाम शरीराच्या चयापचयाचे (शरीरात सतत चालू असणाऱ्या रासायनिक घडामोडींचे) नियमन करणारे आहेत आणि दोन्हींचा प्रारंभ कोशिकापटलावरील, म्हणजे कोशिकेच्या बाह्य आवरणावरील, ग्राहींपासून होतो.

ही गोष्ट आज शालेय पुस्तकातही आढळते. तथापि ग्राही हा खरोखर अस्तित्वात असलेला पदार्थ आहे की केवळ परिणामांचा उलगडा करण्यासाठी योजलेली कल्पना आहे, याविषयी सु. सत्तर वर्षे शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. हा वाद मिटला तो मुख्यतः चयापचयाच्या अभ्यासामुळे. त्या अभ्यासातील निर्णायक प्रयोगांपैकी बरेचसे नामवंत प्राध्यापकांच्या प्रयोगशाळांत दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या, नुकतीच डॉक्टरेट वा वैद्यकाची पदवी घेतलेल्या अधिछात्रांच्या हातून झाले, हे या इतिहासाचे एक वैशिष्ट्य आहे.

संकल्पनेचा उगम : केंब्रिज विद्यापीठातील शरीरक्रियावैज्ञानिक जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८७८ मध्ये लाला ग्रंथींवर पायलोकार्पीन व ॲट्रोपीन या दोन वनस्पतिजन्य द्रव्यांचे परिणाम तपासले. पायलोकार्पिनाने लाळ सुटते व ॲट्रोपिनाने ती थांबते. कोणते द्रव्य प्रभावी ठरेल हे त्यांच्या सापेक्ष प्रमाणावर अवलंबून असते. यावरून दोन्ही द्रव्ये ज्याच्याशी संयोग पावू शकतील असा काही पदार्थ ग्रंथीत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे १९०५ मध्ये त्यांनी कोंबड्याच्या स्नायूवर निकोटीन व क्युरारी यांचे प्रयोग केले. स्नायूची तंत्रिका कापून ती पूर्णपणे निकामी झाल्यानंतरही निकोटिनाने स्नायूचे आकुंचन होत असे व क्युरारीने ते थांबत असे. तेव्हा ही द्रव्ये तंत्रिकेवर नव्हे, तर खुद्द स्नायुकोशिकेतील एखाद्या पदार्थावर क्रिया करतात, हे उघड झाले. या पदार्थाला लँग्ली यांनी ‘ग्राहक द्रव्य’ या अर्थाची संज्ञा दिली.

याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या मार्गाने तशाच कल्पनेपर्यंत पोहोचले. सूक्ष्मजंतूंची विषे आणि त्यांवरील प्रतिविषे यांचा उलगडा करताना त्यांनी १८९७ मध्ये कोशिकेच्या पार्श्वशृंखलांचा सिद्धांत मांडला आणि १९०० मध्ये ‘रिसेप्टर’ ही संज्ञा योजली. गंमत अशी की, साध्या औषधांना हीच कल्पना लावण्यास ते बरीच वर्षे तयार नव्हते. कित्येक औषधे कोशिकांतून विद्रावकाने सहज धुऊन काढता येतात, मग ती रासायनिक बंधाने जोडलेली कशी असतील, अशी त्यांची शंका होती. १९०७ च्या सुमारास त्यांनी लँग्लींचे मत स्वीकारले.

ब्रिटिश औषधवैज्ञानिक आल्फ्रेड जोसेफ क्लार्क यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांवरून असे दाखविले की, परिणाम घडविण्यास लागणारे ॲसिटिलकोलीन इतके अल्प असते की, त्याने कोशिकेच्या पृष्ठभागाचा अगदी थोडा अंश झाकला जाईल. क्रिया सर्व पृष्ठभागावर नसून ठराविक ठिकाणी होते, असा याचा अर्थ होता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रेनॅलिनाचे ग्राही आल्फा व बीटा अशा दोन प्रकारांचे असावेत, असे प्रतिपादन केले. त्यांचा निबंध औषधविज्ञानाच्या एका नियतकालिकाने परत पाठविला व तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. पुढे याच कल्पनेच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल हे हृद्‌रोगावरील औषध तयार केले (१९६४). औषध रुग्णांच्या उपयोगी पडू लागले, तरी ज्यावर ते क्रिया करते तो पदार्थ कोणीही पाहिला वा वेगळा केला नव्हता. स्वतः आल्क्विस्टसुद्धा अखेरपर्यंत ग्राहीकडे एक सोयीची अमूर्त कल्पना म्हणूनच पाहत असत.

ग्लायकोजेनाचा प्रश्न : ग्राहीच्या शोधाची खरी वाट यकृतातून गेली. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले होते. १९०१ मध्ये जोकिची ताकामीने यांनी ॲड्रेनॅलीन स्फटिकरूपात मिळविले आणि त्याच वर्षी या द्रव्यामुळे मूत्रात साखर उतरते, असेही आढळले. हॉर्मोन आणि साखर यांचा संबंध याप्रमाणे ठाऊक झाला. मधले दुवे मात्र अज्ञात होते.

ते उलगडण्याचे काम कार्ल फर्डिनांड कोरी व त्यांच्या पत्नी गर्टी थेरेसा कोरी यांनी हाती घेतले. दोघेही १८९६ मध्ये प्राग येथे जन्मले, तेथेच वैद्यकाचे पदवीधर झाले आणि अमेरिकेत स्थायिक झाले. प्रथम बफेलो व १९३१ पासून सेंट लूइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठ हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. ग्लायकोजेनाचे विघटन होताना प्रथम ग्लुकोज-१-फॉस्फेट तयार होते, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखविले आणि ती विक्रिया घडविणारे फॉस्फोरिलेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया जलद घडविणारे प्रथिन) पुढे स्फटिकरूपात मिळविले. हे एंझाइम ‘ए’ या सक्रिय व ‘बी’ या एरवी निष्क्रिय अशा दोन रूपांत आढळते, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत निष्पन्न झाले. १९४७ चे नोबेल पारितोषिक या दांपत्याला बेर्नार्दो उसाय यांच्यासमवेत मिळाले. गर्टी कोरी यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले तेही त्याच वर्षी. तोवर पतीच्या बरोबरीने काम करूनही त्यांचा हुद्दा व वेतन पतीच्या मानाने कमीच होते. विद्यापीठांच्या त्या वेळच्या नियमांचे हे फळ होते, असे म्हटले तरी त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

कोरींची प्रयोगशाळा हे पदवी-उत्तर संशोधनाचे एक आदर्श केंद्र ठरले. डॉक्टरेटनंतर अधिछात्रवृत्ती घेऊन दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करण्याची प्रथा अमेरिकेत १९१९ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या निधीतून रुजली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शासकीय अनुदानामुळे तिचा विस्तार झाला. कोरींकडे काम केलेल्यांपैकी सेव्हेरो ओचोआ, आर्थर कॉर्नबर्ग, लुइस लेलॉयर, क्रिस्तियां द द्यूव्ह, अर्ल सदरलंड व एडविन क्रेब्ज या सहा जणांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. यांपैकी क्रेब्ज तेथे आले ते काहीसे योगायोगानेच. नौदलातील सेवा संपल्यावर रुग्णालयात जागा मिळेपर्यंतचा काळ मूलभूत विज्ञानात घालवावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षे राहिल्यावर ते रुग्णालयाकडे परतलेच नाहीत.

दुय्यम संदेशवाहकाचा शोध : अर्ल विल्बर सदरलंड (१९१५–७४) हे महायुद्धातील लष्करी वैद्यकीय सेवेनंतर कोरींकडे परत आले. ॲड्रेनॅलीन व ग्लुकागॉन यांमुळे यकृतातील फॉस्फोरिलेजाची सक्रियता वाढते, हे त्यांनी प्रथम यकृताच्या पातळ चकत्यांवर सिद्ध केले. १९५३ मध्ये ते क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात औषधविज्ञानाचे प्रमुख झाले व थिओडोर रॉल हे त्यांचे प्रमुख सहकारी बनले. हॉर्मोनाची क्रिया अखंड कोशिकेतच होऊ शकते, कोशिका फोडली की ती नाहीशी होते, अशी त्या काळी बहुतेकांची ठाम समजूत होती. सदरलंड व रॉल यांनी यकृताच्या कोशिका वाटून फोडल्या, त्या लगद्यात हॉर्मोन मिसळले आणि फॉस्फोरिलेज सक्रिय झाल्याचे त्यांना आढळले. हा प्रयोग साधा दिसतो; परंतु त्यामुळे हॉर्मोनाची क्रिया परीक्षानळीत आणता आली.

पुढील पायरी अधिक महत्त्वाची होती. अपकेंद्रण यंत्रात (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) लगदा फिरवून जड कण काढून टाकले की उरलेल्या द्रवावर हॉर्मोनाचा काहीच परिणाम होत नसे. कण परत मिसळले की परिणाम दिसे. नंतर असे दिसले की, केवळ कणांवर हॉर्मोनाची क्रिया होऊ दिली, ते मिश्रण उकळले आणि तो उकळलेला अर्क स्वच्छ द्रवात घातला, तरी फॉस्फोरिलेज सक्रिय होते. म्हणजे हॉर्मोन कणांवर, पर्यायाने कोशिकापटलाच्या तुकड्यांवर, क्रिया करते आणि तेथे उष्णतेने नाश न पावणारा एक लहान रेणू तयार होतो. हॉर्मोन पहिला संदेशवाहक, तर हा रेणू दुसरा. बेल्जियमहून आलेले झाक बेर्ते यांच्यासह हे कार्य १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या रेणूची ओळख पटली ती एका टेबलावर आलेल्या दोन पत्रांमुळे. सदरलंड यांनी आपल्या अज्ञात पदार्थाच्या परीक्षणासाठी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लिऑन हेपेल यांच्याकडे एक एंझाइम मागितले होते. त्याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड लिपकिन यांनी एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडाची विक्रिया करून मिळालेल्या एका विलक्षण पदार्थाविषयी हेपेल यांना लिहिले होते. दोन्ही पत्रांतील वर्णने जुळत असल्याचे हेपेल यांच्या लक्षात आले व त्यांनी दोघांना एकमेकांविषयी कळविले. तो पदार्थ चक्रीय ॲडेनोसीन मोनोफॉस्फेट (चक्रीय एएमपी) होता. पुढे १९६५ मध्ये तो सूक्ष्मजंतूंतही आढळला आणि ही केवळ यकृतातील विशेष बाब आहे, हा आक्षेप मागे पडला. सदरलंड यांना १९७१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्यांना देण्यात आले. निर्णायक प्रयोगांत बरोबरीचा वाटा असलेल्या रॉल यांचे नाव त्यात नव्हते.

दरम्यान सिॲटल येथे क्रेब्ज व जिनीव्हा येथे शिकलेले एडमंड फिशर यांनी फॉस्फोरिलेजाच्या दोन रूपांचे रहस्य उलगडले. कोरींच्या पद्धतीने सक्रिय रूप मिळविण्याचा प्रयत्न करताना त्यांच्या असे ध्यानात आले की, स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळला तरच ते मिळते, अन्यथा नाही. गाळणकागदातून अर्कात उतरणारे कॅल्शियम हे त्याचे कारण होते. शोधाअंती, निष्क्रिय एंझाइमाला एटीपीपासून फॉस्फेट गट जोडला गेला की ते सक्रिय होते व तो निघून गेला की निष्क्रिय होते, असे सिद्ध झाले (१९५५-५६). क्रेब्ज यांच्याच प्रयोगशाळेत डोनल वॉल्श व जॉन पर्किन्स यांनी १९६८ मध्ये चक्रीय एएमपीने चेतविले जाणारे प्रथिन-कायनेज हे एंझाइम शोधले आणि हॉर्मोनापासून ग्लायकोजेनापर्यंतची साखळी जवळजवळ पूर्ण झाली. फिशर व क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जी-प्रथिने : साखळीचा आरंभीचा भाग अजून धूसर होता. हॉर्मोन ओळखणारा ग्राही व चक्रीय एएमपी बनविणारे ॲडेनिलिल सायक्लेज हे एंझाइम एकच की वेगवेगळे, हे ठरायचे होते. बेथेस्डा येथील मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये वसा-कोशिका सुट्या करण्याची पद्धत शोधली होती. या कोशिकांवर अनेक भिन्न हॉर्मोने एकाच सायक्लेजाला चेतवितात, परंतु त्यांचे परिणाम एकात एक मिळविले जात नाहीत, असे त्यांना आढळले. तेव्हा ग्राही अनेक, एंझाइम एक आणि त्या दोहोंमध्ये संदेशाचे रूपांतर करणारा कोणी तिसरा, अशी मांडणी त्यांनी केली. १९७० च्या सुमारास यकृताच्या पटलांवर प्रयोग करताना परिणाम कधी स्पष्ट येत, कधी येत नसत. बाजारातून आणलेल्या एटीपीमध्ये जीटीपी या दुसऱ्या संयुगाची भेसळ होती व खरा आवश्यक घटक तोच होता, हे त्यांनी व लुट्झ बर्नबाउमर आदी सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखविले. अशुद्ध रसायन एरवी संशोधकाचा घात करते; येथे त्याने वाट दाखविली.

मधला घटक प्रत्यक्ष हाती आला आल्फ्रेड गिलमन यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठातील प्रयोगशाळेत. गिलमन हे रॉल यांचे विद्यार्थी. डॉक्टरेटनंतर मार्शल निरेनबर्ग यांच्याकडे अधिछात्र असताना त्यांनी चक्रीय एएमपी मोजण्याची सोपी पद्धत तयार केली होती. सॅन फ्रॅन्सिस्को येथील संशोधकांनी उंदराच्या कर्ककोशिकांचा एक उत्परिवर्ती वाण मिळविला होता. त्यात सायक्लेजच नसावे, असा सर्वांचा समज होता. अधिछात्र एलियट रॉस यांनी त्या कोशिकांच्या पटलांत दुसऱ्या कोशिकांचा अर्क मिसळला, तेव्हा हॉर्मोनाला मिळणारा प्रतिसाद परत आला. आश्चर्य हे की, अर्कातील सायक्लेज उष्णतेने आधी निकामी केले, तरीही प्रतिसाद येतच राहिला. म्हणजे उत्परिवर्ती कोशिकांत सायक्लेज होते, उणीव होती ती मधल्या प्रथिनाची (१९७७). जॉन नॉर्थप, पॉल स्टर्नवाइस व रॉस यांनी १९८० मध्ये ते प्रथिन शुद्ध केले. जीटीपीशी संयोग पावणाऱ्या या प्रथिनांना जी-प्रथिने हे नाव पडले. रॉडबेल व गिलमन यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या कार्यात एका जीवाणुविषाचा फार उपयोग झाला. पटकीचे विष याच जी-प्रथिनाला कायमचे सक्रिय अवस्थेत अडकवून ठेवते. आतड्याच्या कोशिकांत चक्रीय एएमपीचे प्रमाण बेसुमार वाढते व पाणी आणि क्षार बाहेर टाकले जातात. पटकीच्या रुग्णाची प्राणघातक निर्जलता ती हीच. हे विष जीवाणूच्या शरीराबाहेर स्रवते, हे १९५९ मध्ये ससाच्या आतड्यावरील प्रयोगांनी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखविले होते. सूक्ष्मजंतूविरहित द्रवानेही आतड्यात पाणी साचते, हा त्यांचा निष्कर्ष पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला, तरी त्यांच्या हयातीत त्यांना मायदेशी त्या मानाने मान्यता मिळाली नाही.

ग्राहीचे प्रत्यक्ष दर्शन : ग्राही वेगळा करणे अवघड होते, कारण कोशिकेत त्याचे प्रमाण अत्यल्प असते. यावर किरणोत्सर्गी समस्थानिकांचा उपाय सापडला. हॉर्मोनाच्या रेणूला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून त्याची क्रियाशीलता कायम ठेवता आली, तर ते कोठे जाऊन चिकटते हे मोजता येते. व्हिएटनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतील तरुण डॉक्टरांना लष्करी सेवेऐवजी सार्वजनिक आरोग्य सेवेत काम करता येई. रॉबर्ट लेफकोविट्झ अशा प्रकारे १९६८ मध्ये बेथेस्डा येथे दाखल झाले. पहिले वर्ष अपयशातच गेल्यानंतर, १९७० मध्ये जेसी रॉथ व आयरा पास्तान यांच्यासह त्यांनी अधिवृक्क ग्रंथीला चेतविणाऱ्या हॉर्मोनाचा ग्राही मोजून दाखविला. पुढे ड्यूक विद्यापीठात त्यांनी ॲड्रेनॅलिनाच्या बीटा ग्राहीचा पाठपुरावा केला. १९८४ मध्ये ब्रायन कोबिल्का हे तेथे अधिछात्र म्हणून आले व १९८६ मध्ये या ग्राहीच्या जनुकाची रचना उलगडली. ती डोळ्यातील ऱ्होडॉप्सीन या प्रकाशग्राही प्रथिनासारखी निघाली : दोहोंची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. प्रकाश व हॉर्मोन यांची दखल घेणारी यंत्रणा एकाच घराण्यातील असेल, असे कोणास वाटले नव्हते. मानवात अशा ग्राहींची सु. ८०० जनुके आहेत. कोबिल्का यांनी २०११ मध्ये ग्राही जी-प्रथिनाला जोडलेल्या अवस्थेत असतानाची त्रिमितीय रचना मिळविली व २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लेफकोविट्झ यांच्यासमवेत मिळाले.

इन्शुलिनाची गोष्ट निराळी निघाली. ते टोरॉन्टो येथे १९२१ मध्ये शोधले गेले. परंतु त्याच्या ग्राहीचे मापन पीएर फ्रेशे, रॉथ व डेव्हिड नेव्हिल यांना १९७१ मध्येच करता आले. हा ग्राही जी-प्रथिनावर अवलंबून नाही. १९८२ मध्ये बॉस्टन येथे जपानहून आलेले अधिछात्र मासातो कासुगा व रोनाल्ड कान यांनी दाखविले की, इन्शुलीन चिकटताच ग्राही स्वतःलाच फॉस्फेट जोडून घेतो. म्हणजे तो एकाच वेळी ग्राहीही असतो व एंझाइमही. १९८० मध्ये सॅम्युएल कुशमन आणि तेत्सुरो कोनो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे असे सिद्ध केले होते की, इन्शुलिनामुळे साखर वाहून नेणारी प्रथिने कोशिकेच्या आतून पृष्ठभागावर आणली जातात. प्रौढ वयात उद्‌भवणाऱ्या मधुमेहात बहुधा ग्राही धड असतो, पण त्याच्यापुढची साखळी मंदावलेली असते. तिचा नेमका दोष कोठे आहे, यावरील संशोधन चालू आहे. इन्शुलीन ग्राहीला नेमके कसे चिकटते, याचे स्पष्ट चित्र मेलबर्न येथील संशोधकांना २०१३ मध्ये मिळाले.

अलीकडे मधुमेह व स्थूलता यांवर वापरली जाणारी नवी औषधे आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या हॉर्मोनाच्या ग्राहीवर क्रिया करतात. यांतील पहिले औषध, एक्सेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. ते गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील एका द्रव्यावरून तयार झाले. हा ग्राहीही सात फेऱ्यांचाच असून तो जी-प्रथिनाच्या द्वारे अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) बीटा कोशिकांत चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवितो आणि रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हा इन्शुलिनाचा स्राव वाढतो.